शुभाताई घाबरल्या नव्हत्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नागपूरच्या मैत्रिणींना नाही. मध्ये काही महिने एका काउन्सेलरकडे जात होते, तिलाही नाही — तिला मी फक्त झोप लागत नाही एवढंच सांगायचे, आणि ती मला दुपारनंतर कॉफी बंद करा म्हणायची. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही. शुभाताईंना ओळखत नाही. कदाचित तेवढंच कारण असेल.

मी अमेरिकेत बेलव्ह्यूला राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीसाठी व्हिसावर आले, तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि एकटी होते. अजूनही एकटीच आहे, पण तेव्हाचं एकटेपण नवं होतं, त्याची सवय झालेली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवारच्या पहिल्या कॉलपर्यंत मी कुणाशी बोलायचेच नाही. ग्रोसरीच्या काउंटरवर ‘बॅग नको’ म्हणताना घसा खरखरायचा. अपार्टमेंटच्या भिंतीपलीकडे कुणीतरी हसायचं आणि मी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसायचे. याला काय म्हणाल तुम्ही?

घराबाहेर पडायला निमित्त हवं म्हणून मी कम्युनिटी सेंटरच्या पोहण्याच्या तलावावर जायला लागले. तिथे एके दिवशी मोठ्यांच्या शिकाऊ वर्गातून अस्सल मराठीत आवाज आला, “आई गं, नाकात गेलं!” मी वळून बघितलं. पन्नाशी ओलांडलेली एक बाई, डोक्यावर निळी रबरी टोपी, खोकत होती आणि खोकता खोकता हसत होती. त्या शुभाताई.

त्या सांगलीच्या. लग्न करून अमेरिकेत आल्या, मुलगा वाढवला, नवऱ्याच्या बदल्यांप्रमाणे गावं बदलली. मुलगा निखिल लांब, सनीव्हेलला नोकरीला लागला आणि यांच्या हाताला काम उरलं नाही. मग पोहायला आल्या. त्या पहिल्याच दिवशी मला घरी घेऊन गेल्या, आमटी-भात वाढला आणि म्हणाल्या, “दर रविवारी यायचं. फोन करून विचारायचं नाही, यायचं.” मी जायला लागले. दर रविवारी.

त्यांचे यजमान, अविनाशदादा, चांगले गृहस्थ. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल आणि तो त्यांच्यावर काढण्यात अर्थ नाही. त्यांना बायकोची थट्टा करायची सवय होती, एवढंच. “अगं, तुला अजून एस्केलेटरवर पाय ठेवताना माझा दंड लागतो, आणि तू पोहणार?” ताई हसायच्या. पण पोहायला शिकल्या. आणि त्यानंतर एक दिवस तलावावरच्या बोर्डकडे बोट दाखवून म्हणाल्या, “मृणाल, हे करूया का गं?” स्कूबा डायव्हिंगचा कोर्स होता.

मी हो म्हटलं. ताई सोबत असत्या तर मी कशालाही हो म्हटलं असतं.

आमच्या इकडचा समुद्र तुम्ही फोटोत बघता तसा निळा, कोमट नसतो. हूड कॅनल म्हणून एक जागा आहे. नाव कॅनल असलं तरी तो कालवा नाही. डोंगरांच्या मधून समुद्राचा एक लांब, अरुंद, खोल फाटा आत शिरलेला आहे. पाणी गडद हिरवं, आणि बारा महिने असं गार की हात घातला तर हाडात कळ येते. तिथे पोहण्याचा साधा ड्रेस चालत नाही. अंगाला पाणी लागू न देणारा जाड सूट घालायचा, आत लोकरीचे कपडे, कंबरेला शिशाची वजनं, पाठीवर हवेची टाकी. बोटीनं जायचं असंही नाही. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची आणि एवढं सगळं ओझं घेऊन शिंपल्यांवरून, गोट्यांवरून धडपडत चालत पाण्यात शिरायचं. ताई म्हणायच्या, “लग्नात शालू नेसून एवढी दमले नव्हते.”

आम्ही दोन उन्हाळे डाइव्ह केलं. शनिवारी निघायचं, किनाऱ्याजवळ तंबू ठोकायचा, रविवारी परतायचं. ताई छोट्या गॅसवर पिठलं करायच्या. एकदा पिठलं ढवळता ढवळता त्यांनी मला सांगितलं की लहानपणी त्यांचे तिघे भाऊ पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकले, आणि ताई घाटावर त्यांचे कपडे सांभाळत बसायच्या. “कपडे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मांडीवर घेऊन बसायचे,” त्या म्हणाल्या. “आता अविनाशला म्हटलं, तू बस गाडीत माझे कपडे घेऊन.” आणि खूप वेळ हसल्या.

बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. येते.

आधी एक गोष्ट समजावून द्यायला हवी, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. डाइव्ह करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात श्वास घ्यायचा एक माउथपीस असतो. त्याशिवाय छातीवर आणखी एक अडकवलेला असतो, पिवळ्या नळीचा. पिवळा, म्हणजे लांबून दिसावा म्हणून. तो खरं तर आपल्यासाठी नसतोच. सोबतच्या माणसाची हवा संपली तर त्याला द्यायला असतो. त्यानं गळ्यावरून हात फिरवून खूण करायची, आपण पिवळा माउथपीस त्याच्या हातात द्यायचा, एकमेकांचा दंड धरायचा आणि सावकाश वर यायचं. कोर्समध्ये हे आम्ही इतक्यांदा घोटलं होतं की इन्स्ट्रक्टर म्हणाला, तुम्ही दोघी झोपेतही कराल.

दुसरा उन्हाळा संपल्यावरची, ऑक्टोबरमधली सकाळ होती ती. तंबूवर दव साचलं होतं, तोंडातून वाफा निघत होत्या. आमच्याशिवाय तिथे एकच माणूस होता, शेजारच्या तंबूतला एक म्हातारा, खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेला. आम्ही पाण्यात शिरलो. साठएक फूट खाली खडकाची एक भिंत आहे. तिच्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे पांढरेशुभ्र जीव फुललेले असतात. ताईंनी टॉर्च मारून एका कपारीत बसलेला ऑक्टोपस दाखवला. त्याचा एक डोळा आमच्याकडे बघत होता. ताईंनी त्याला नमस्कार केला — खरंच, दोन्ही हात जोडून. मला मास्कच्या आत हसू आलं.

आणि मग त्यांच्या तोंडाशी बुडबुड्यांचा स्फोट झाला.

गार पाण्यात असं होऊ शकतं, माउथपीसच्या यंत्रात बर्फ धरतो आणि हवा वाहायचीच थांबत नाही. बघता बघता टाकी रिकामी होते. मला ताई दिसेनात, नुसते पांढरे बुडबुडे आणि तो आवाज. मग बुडबुडे कमी झाले. थांबले. आणि त्यातून ताई माझ्याकडे आल्या. धडपडत नाही, हात मारत नाही — शिकवलं होतं तशा, पाय सावकाश मारत. माझ्या समोर आल्या. माझ्या डोळ्यांत बघितलं. गळ्यावरून हात फिरवला. आणि तो हात पिवळ्या माउथपीससाठी पुढे केला.

मी तो झटकला.

मी माझा तळवा पिवळ्या माउथपीसवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांना मागे ढकललं. खांद्याला हात लावून. जोरात. माझ्या टाकीत दोघींना पुरून उरेल एवढी हवा होती; मी आत्ताच बघितलं होतं. मग का? मला त्या क्षणी फक्त एवढंच वाटलं की हे माझं आहे आणि ही बाई ते घ्यायला आली आहे. ही बाई. मला ‘ताई’ हा शब्द आठवला नाही. मी किती वेळा त्या क्षणात परत गेले असेन, दर वेळी तिथे दुसरं काही सापडेल म्हणून शोधलं. सापडत नाही.

त्यांनी पुन्हा हात पुढे केला नाही. एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग वर जाता यावं म्हणून कंबरेची वजनं सोडून दिली, हात डोक्यावर केला, मान वर केली आणि निघाल्या. त्यांच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची रेघ निघत होती. वर येताना श्वास सोडत राहायचा असतो, कोंडला तर फुप्फुस फाटतं. त्या सोडत होत्या. घाबरलेला माणूस श्वास कोंडतो. मी तिथे खाली होते, माझ्याजवळ हवा होती, आणि माझा श्वास कोंडलेला होता.

मीही नंतर वर निघाले. आणि ऐका, हे मी कदाचित सगळ्यात जास्त लपवलं आहे. पृष्ठभागाच्या जरा खाली शरीराला सवय व्हावी म्हणून काही मिनिटं थांबायचा नियम असतो. तातडीच्या वेळी तो मोडता येतो. मी मोडला नाही. वर ताई आहेत की नाहीत हे मला माहीत नव्हतं, आणि मी नियमाप्रमाणे घड्याळ बघत तिथे लटकत राहिले. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं.

त्या पाठीवर तरंगत होत्या. कानातून रक्त येत होतं, खोकताना तोंडाशी गुलाबी फेस. मला बघितलं आणि म्हणाल्या, “तू ठीक आहेस ना गं?”

मी हो म्हटलं.

किनाऱ्यावर त्या म्हाताऱ्यानं आम्हाला ओढून घेतलं, फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. गुडघ्यांवर बसून ताईंच्या अंगावर स्वतःचं ब्लँकेट घालता घालता त्यानं मला विचारलं, काय झालं? मी म्हणाले, “शी पॅनिक्ड.” विचार करून नाही. ते दोन शब्द जणू तोंडात आधीच तयार होते. मग तेच मी ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगितलं. मग हॉस्पिटलमध्ये. दर वेळी ते जास्त सोपं होत गेलं, आणि त्यात तपशील येत गेले. त्यांचा माउथपीस बिघडला, मी जवळ जाणार तेवढ्यात त्या सुसाट वर गेल्या, मी पकडायला गेले पण हातातून निसटल्या.

अविनाशदादा बेलव्ह्यूहून गाडी चालवत आले. माझं ऐकून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मला माहीतच होतं. ती अशीच आहे. मी सांगत होतो.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू होतीस म्हणून बरं.”

डॉक्टरांनी सांगितलं की डावा कान गेला आहे, पण फुप्फुस वाचलं; वर येताना त्या श्वास सोडत राहिल्या असणार, असं घाबरलेली माणसं सहसा करत नाहीत. हे त्यांनी आमच्या दोघांच्या समोर सांगितलं. मी भिंतीकडे बघत राहिले. अविनाशदादा म्हणाले, “नशीब.”

दुसऱ्या दिवशी ताई जरा बोलायला लागल्या. खोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला आणि हळूच विचारलं, “मृणाल, मी तुझ्याकडे आले होते ना गं?”

इथे मला सांगता आलं असतं. दार बंद होतं, नवरा खाली कॅफेटेरियात होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. आठवणीतली एक गोष्ट खरी आहे की नाही, हे माणूस दुसऱ्याला विचारतो तसा.

मी म्हणाले, “नाही ताई. तुम्ही आला नाहीत. तुम्ही एकदम वर गेलात.”

त्या खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना आठवत होतं. मला अजून वाटतं, त्यांना सगळं आठवत होतं. पण समोर मी होते, दर रविवारी त्यांच्या घरी जेवणारी, आणि त्यांना निवड करायची होती — स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की माझ्यावर. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “असेल बाई. मला काही नीट आठवत नाही.”

खोटं बोलून झालं की ते संपतं असं मला वाटायचं. तसं होत नाही. ते दुसऱ्याच्या घरात राहायला जातं. अविनाशदादांनी त्याची गोष्ट केली. गणपतीत, डोहाळेजेवणात, कुणाच्या गृहप्रवेशात, ते सांगायचे, “आमची जलपरी! सोबत ही मृणाल, लहान पोरगी, पण किती शांत. नियमाप्रमाणे वर आली. आणि आमच्या बाईसाहेब रॉकेट!” लोक हसायचे. ताई हसायच्या. मीही हसले आहे. पुढे पुढे त्या स्वतःच सांगायला लागल्या, “माझ्यात तो धीर नाहीच.” डायव्हिंगचं सामान विकलं. तलाव सोडला. मग हायवेवर गाडी चालवणं सोडलं. कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यांनाच वाटायला लागलं की ऐन वेळी आपण काहीतरी करून बसू. हातांवरचा भरवसा गेला तसा एकेक गोष्टीवरचा गेला.

आणि मी? मी रविवारी जाणं कमी केलं. काम आहे, रिलीज आहे, डोकं दुखतंय. त्या डबा पाठवायच्या. मी तो उघडायचे नाही, तसाच फ्रीजमध्ये ठेवायचे, आणि आठवड्यानं टाकून द्यायचे. मग पुन्हा शुक्रवार ते सोमवार कुणाशीच बोलणं नाही. पण आता भिंतीपलीकडून हसू आलं तर मी टीव्ही मोठा करायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. नाही थांबलं.

गेल्या वर्षी निखिलला मुलगी झाली. तो आणि त्याची बायको दोघंही नोकरीवाले. ताई सनीव्हेलला जाऊन राहणार, नात सांभाळणार, असं ठरत होतं. मला फोनवर म्हणाल्या होत्या, “बघ, आता माझं काम आलं.” किती दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज ऐकला मी. आणि त्यानंतर एका दुपारी निखिलचाच फोन आला. तो इथेच जन्मला, मराठी समजतं पण बोलतो अर्धं इंग्रजीत. अडखळत होता. “मृणाल मावशी, आय नीड यू टु बी ऑनेस्ट विथ मी. बेबी घरी एकटी असेल आईबरोबर, दिवसभर. इफ समथिंग हॅपन्स... यू वेअर देअर. यू सॉ हर. आईवर ट्रस्ट करू का?”

मला खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘अरे, डोळे झाकून ठेव.’ बस. एक शब्द.

पण ‘हो’ म्हटलं असतं तर तो विचारेल, मग तेव्हा काय झालं होतं? असं मला वाटलं. त्यानं विचारलं असतं का? कदाचित नाही. मी वाट बघितली नाही. मी म्हणाले, “बरोबर कुणीतरी असलेलं बरं, निखिल.”

तो म्हणाला, “थँक्स, मावशी. आय नो दॅट वॉजन्ट ईझी टु से.”

त्यांनी आया ठेवली. मारिया तिचं नाव, प्रेमळ आहे. ताई तिथे गेल्या, पण पाहुण्यासारख्या.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी मला सनीव्हेलला जावं लागलं. ताईंना कुठूनसं कळलं आणि त्यांनी बोलावलं. टाळता आलं नाही. दुपार होती. त्या थकलेल्या दिसत होत्या, केस कमी झाले होते. माझा हात धरून आत नेलं, सोफ्यावर त्यांच्या उजव्या बाजूला बसवलं, ऐकू यावं म्हणून. आल्याचा चहा केला. माझ्या लग्नाचं काही जमतंय का विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं. मी किती बारीक झाले म्हणून रागावल्या.

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. साधंच, झोपेतून उठल्यावर रडतात तसं. मारिया मागे अंगणात कपडे आणायला गेली होती. ताई उठल्या. दारापर्यंत गेल्या, आणि तिथे थांबल्या. दोन्ही हात पुढे झालेले होते, बाळ घ्यायला होतात तसे. ते त्यांनी खाली घेतले. मग खिडकीशी जाऊन हाक मारली, “मारिया! बेबी क्रायिंग.” आणि माझ्याकडे वळून ओशाळं हसल्या. “नको गं. उगाच माझ्या हातून काही व्हायचं.”

मारिया धावत आत गेली. रडणं थांबलं. ताई परत येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि विचारलं, “चहात साखर बरोबर झालीय ना?”

मी म्हणाले, “हो ताई, अगदी बरोबर.” आणि कप रिकामा केला.